ट्रकच्या एअर फिल्टरवर वायरलेस सेन्सर: कोणता घ्यावा, कुठे बसवावा, आकडा कधी वाचावा

एअर फिल्टर काढायचा, उन्हात धरून बघायचा, दोनदा हवा मारायची आणि परत बसवायचा, ही पद्धत आधी बंद करा. काळा दिसतो म्हणून फिल्टर संपला असं होत नाही. थोडी धूळ बसलेला कागद बारीक कण नव्या कागदापेक्षा चांगले अडवतो. कंप्रेसरच्या जोराच्या हवेने मात्र त्याच कागदाला डोळ्याला न दिसणारी छिद्रं पडतात, आणि मधेच झाकण उघडलं की काठावरची धूळ आतल्या स्वच्छ बाजूला सांडते. तिथून पुढे इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोच आहे.

फिल्टर चोक होत जातो तशी त्याच्या मागच्या पाइपात इंजिनची ओढ वाढते. सेन्सर ती ओढ किलोपास्कलमध्ये मोजतो. बऱ्याच टर्बो डिझेल इंजिनांना साधारण ६.२ किलोपास्कल, म्हणजे पाण्याचे २५ इंच, ही मर्यादा दिलेली असते. तुमच्या इंजिनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

आता खरेदी. माझे पैसे आणि चार महिने इथेच गेले, म्हणून सविस्तर सांगतो.

स्वस्तात मिळणारे बरेच सेन्सर निरपेक्ष दाब मोजतात, म्हणजे पूर्ण निर्वातापासून. समुद्रसपाटीला हवेचाच दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो आणि दर शंभर मीटर चढलं की तो एक किलोपास्कलहून थोडा जास्त कमी होतो. माझे ट्रक पनवेलहून चाकणला जातात. खोपोली ते लोणावळा ही चढण साधारण साडेपाचशे मीटरची. म्हणजे नुसता बोरघाट चढला की दाब सहा किलोपास्कलने उतरतो, आणि पूर्ण चोक झालेल्या फिल्टरचा आकडाही जवळपास तोच!

घाट चढून वर आलं की मोबाईलवर लाल, परत खाली उतरलं की हिरवं. मी दोन चांगले फिल्टर फेकून दिले, होज बदलला, मेकॅनिकला विनाकारण बोललो. एका संध्याकाळी खंडाळ्याला इंजिन बंद करून सहज मोबाईल उघडला, तर आकडा तोच. इंजिन बंद असताना फिल्टरमागे ओढ येणार कुठून? तेव्हा चूक कळली.

म्हणून सेन्सर डिफरन्शियल किंवा गेज प्रकारचाच घ्या. त्याची एक बाजू पाइपाला जोडलेली असते आणि दुसरी बाहेरच्या हवेला उघडी, त्यामुळे घाटाचा फरक दोन्हीकडे सारखा पडतो आणि कटतो. रेंज शून्य ते दहा किलोपास्कल पुरे. शंभर किलोपास्कलच्या सेन्सरवर सहाचा फरक नीट कळत नाही. ‘रोज सकाळी शून्य सेट करा, काम भागतं’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पनवेलचं शून्य लोणावळ्याला शून्य राहत नाही. दुकानदाराला एकच विचारा: इंजिन बंद असताना घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर, दोन्हीकडे हा शून्य दाखवेल का?

बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. जागा फिल्टर आणि टर्बो यांच्या मधली. टर्बोच्या पुढे कधीच नाही, तिथे ओढ नसते, उलटा दाब असतो आणि सेन्सर फुटतो. फिल्टर चोक झाला की लाल पट्टी दाखवणारा जुना इंडिकेटर जिथे बसतो तिथे टी-जॉइंट लावा आणि इंडिकेटरही राहू द्या. भोक पाडावंच लागलं तर पाइप गाडीवरून काढून, वळणापासून लांब, सरळ भागात पाडा. लोखंडाचा एक कीस टर्बोला पुरतो. सेन्सर भोकापेक्षा उंच ठेवा, म्हणजे नळीत साचलेलं पाणी परत पाइपात उतरेल. बॅटरी एक्झॉस्टपासून दूर, आणि केबिन उचलली तरी नळी ताणली जाणार नाही इतकी ढील.

ब्लूटूथ जोडणीचं फार काही नाही. केबिनमध्ये बसून इंजिन चालू असताना आकडा येतोय ना, बघा. येत नसेल तर सेन्सर लोखंडी पत्र्याआडून बाहेर सरकवा.

आकडा वाचायचा तो फक्त पूर्ण लोडवर. आयडलला इंजिन इतकी थोडी हवा ओढतं की चोक फिल्टरही चांगला दिसतो. भरलेली गाडी, चढ, खालचा गिअर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा वेळचा सर्वांत मोठा आकडा धरा. अॅपमध्ये दिवसाचा कमाल आकडा साठवायची सोय असेल तर ती चालू ठेवा, कारण स्टिअरिंगवर असताना ड्रायव्हरने मोबाईल बघता कामा नये. नवा फिल्टर टाकल्यावर पहिल्या भरलेल्या खेपेचा आकडा वहीत लिहा. माझ्या गाड्यांना तो अडीच किलोपास्कलच्या आसपास येतो. साडेपाचला मी नवा फिल्टर मागवतो, सहाला बदलतो.

आकडा वाढला तर लोक घाबरतात. घाबरायचं तो अचानक पडला तर. कालपर्यंत चार होता आणि आज त्याच चढावर त्याच लोडला दोन, तर फिल्टर आपोआप साफ झालेला नाही. कागद फाटलाय, सील नीट बसलेलं नाही किंवा पाइपाची क्लिप सैल झालीय, आणि धूळ गाळल्याशिवाय इंजिनात जातेय. सेन्सरची नळी निसटली असेल तरी आकडा पडतो, म्हणून आधी ती बघा. नळी जागेवर असेल तर गाडी तिथेच उभी करा. या बाबतीत मी ड्रायव्हरला ‘ही खेप टाकून ये’ असं कधीच म्हणत नाही.

पावसाळ्यात भिजलेला कागद फुगतो आणि आकडा एकदम चढतो. इंजिनला पिकअप असेल आणि काळा धूर नसेल तर एक कोरडा दिवस थांबा, बहुतेक वेळा तो खाली येतो. नाही आला तर बदला, आणि फिल्टरच्या डब्याखालचा रबरी धूळ-व्हॉल्व्ह चिखलाने चिकटलाय का तेही बघा.