पॅरिस ते रोम रेल्वेने: संप आणि मोर्चे धरून करायची तयारी

पॅरिस, झ्युरिक, मिलान आणि रोमहून परतीचं विमान असा बेत असेल, तर तिकिटं काढण्याआधी तारखा पक्क्या करा. शेवटचा लांबचा रेल्वे प्रवास आणि विमान यांच्यात दोन रात्री मोकळ्या ठेवा. फ्रेच्चारोसा ही इटलीची वेगवान गाडी मिलानहून रोमला तीन-सव्वातीन तासांत पोचते, म्हणून सकाळी निघून रात्रीचं विमान गाठायचा मोह होतो. तो टाळाच. शेंगेन व्हिसावर मुक्कामाचे दिवस मोजून दिलेले असतात, तेव्हा अर्जातल्या कार्यक्रमातच हे दोन दिवस धरा.

संप आधी कळतो, मोर्चा बरेचदा कळत नाही. म्हणून दोन्हींची तयारी वेगळी.

इटलीत १९९० च्या १४६ क्रमांकाच्या कायद्यानुसार संपाची किमान दहा दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि तिथल्या परिवहन मंत्रालयाच्या साइटवर संपांची यादी असते. निघण्याआधी दोन आठवडे ती रोज बघा. कोणत्या कंपनीचा संप, कोणत्या भागात, किती ते किती वाजेपर्यंत, एवढं नीट वाचा. कंपनीचं नाव सगळ्यात महत्त्वाचं. संप फक्त त्रेनितालिया या सरकारी रेल्वे कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा असेल, तर त्याच रुळांवरची खासगी इतालो चालू असू शकते. रूळ आणि सिग्नल सांभाळणाऱ्या आरएफआयचा असेल, तर दोघींच्याही गाड्या अडकतात. संप बरेचदा शुक्रवारी असतात, तेव्हा लांबचा टप्पा मंगळवार-बुधवारी ठेवलेला बरा.

कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत प्रादेशिक गाड्यांची हमी असते. लांब पल्ल्याच्या हमीच्या गाड्यांची यादी त्रेनितालिया वेगळी देते. तीत आपल्या गाडीचा नंबर शोधा. एका ठिकाणी मात्र पुष्कळ लोक फसतात. बरेच संप रात्री ९ ला सुरू होतात. त्याआधी सुटलेली गाडी संप सुरू झाल्यापासून तासाभरात शेवटच्या स्टेशनला पोचणार असेल तर पुढे जाते, नाहीतर मध्येच थांबवली जाऊ शकते. मिलानहून रात्री ८ नंतर सुटणारी रोमची गाडी बोलोन्यातच रिकामी केली, तर रात्र तिथेच काढावी लागेल.

फ्रान्समध्ये संपात उतरणारे कर्मचारी ४८ तास आधी कळवतात. त्यावरून एसएनसीएफ ही तिथली सरकारी रेल्वे कंपनी दुसऱ्या दिवशीच्या गाड्या ठरवते आणि आदल्या संध्याकाळी ५ च्या सुमारास जाहीर करते. ती वेळ फोनमध्ये लावून ठेवा. आपली गाडी रद्द दिसली की ताबडतोब दुसरी जागा पकडा, कारण तासाभरात चालू गाड्या भरतात.

मोर्चाचं असं वेळापत्रक नसतं. २२ सप्टेंबर २०२५ ला गाझासाठीच्या देशव्यापी संपात मिलानच्या चेंत्राले स्टेशनात निदर्शक आणि पोलिसांची झटापट झाली. अशा दिवशी मोठ्या स्टेशनाला पर्याय माहीत हवा: मिलानमध्ये पोर्ता गारिबाल्दी आणि रोगोरेदो, रोममध्ये तेर्मिनीऐवजी तिबुर्तिना. फ्लिक्सबस या कंपनीच्या लांब पल्ल्याच्या बस पॅरिसला बेर्सीहून आणि मिलानला लांपुन्यानोहून सुटतात. या जागा ऑफलाइन नकाशावर खूण करून ठेवा. मोर्चा दिसला तर फोटोसाठीही जवळ जाऊ नका.

तिकीट शक्यतो एकच, सलग काढा. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिली गाडी चुकली की दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही. युरोपियन युनियनचा २०२१/७८२ हा नियम ७ जून २०२३ पासून लागू आहे. तासाभराहून जास्त उशीर होणार असेल, तर पैसे परत किंवा दुसऱ्या गाडीने प्रवास, यातलं एक मागा. १०० मिनिटांत कंपनीने पर्याय कळवला नाही, तर दुसऱ्या रेल्वेचं किंवा बसचं तिकीट स्वतः काढून तो खर्च मागता येतो. उशिराने का होईना पोचलात, तर ६० ते ११९ मिनिटांना २५ टक्के आणि पुढे ५० टक्के भरपाई मिळते. रेल्वेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप असला तरी ती टळत नाही. रुळांवर बाहेरचे लोक उतरले असतील तर टळू शकते. म्हणून स्टेशनातल्या गाड्यांच्या फलकाचा आणि कारणाच्या संदेशाचा फोटो काढा, बिलं जपा आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत पाठवा.

युरेल पास (अनेक देशांतल्या रेल्वेंसाठी चालणारा, ठरावीक दिवसांचा पास) असेल तर प्रवासाचा दिवस आदल्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो. त्यानंतर तो दिवस खर्ची पडतो. सीटचं आरक्षण वेगळं असतं, त्याचा परतावाही वेगळा मागावा लागतो. व्हिसासाठीचा ३०,००० युरोंचा विमा वैद्यकीय खर्चाचा असतो. प्रवास खोळंबल्याचं कलम हवं असेल तर ते वेगळं बघा आणि तिकिटांबरोबरच घ्या. संप जाहीर झाल्यावर घेतलेल्या विम्यात तो संप सहसा धरत नाहीत.

बॅग माणशी एकच, स्वतःला जिन्याने उचलता येईल अशी. आजी-आजोबांची दोन दिवसांची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, सोबत दशम्या किंवा खाकरे, पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि तिकिटांच्या कागदी प्रती. सुटे युरोही असू द्या.

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाला तेर्मिनीहून जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस संपातही चालू ठेवतात, गरज पडली तर तिच्याऐवजी बस सोडतात. सार्वत्रिक संपात टॅक्सीही मिळेनाशी होऊ शकते, त्यामुळे त्या दिवशी विमान असेल तर आदल्या रात्रीच फ्युमिचिनोजवळ मुक्कामाला जा.