मानसिक आजारावरून बोर्ड आउट झालेल्या फौजीची फाईल : या चुका टाळा

मेडिकल बोर्डाच्या कागदाची प्रत हातात नसताना नाकारलेल्या अपंगत्व पेन्शनसाठी अपील लिहू नका. एवढं एक वाक्य वाचून उठलात तरी चालेल, कारण जळगाव-धुळ्याकडून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फायली इथेच अडकलेल्या असतात. मी फौजेत क्लर्क होतो, नोकरीभर हेच कागद हाताळले. आता गावाकडे आल्यावर लोक पिशवीत कागद घेऊन येतात. पिशवीत आधार कार्ड असतं, रेशन कार्ड असतं, कॅन्टीन कार्ड असतं, सरपंचाचा दाखला असतो. ज्या कागदावर सगळी केस उभी आहे, तो मात्र नसतो.

तो कागद म्हणजे इन्व्हॅलिडिंग (आजारामुळे सेवेतून काढताना, म्हणजेच बोर्ड आउट) किंवा रिलीज (सेवा सोडताना) मेडिकल बोर्डाची, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाची, कार्यवाही. फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-१६. त्यात आजार कधी सुरू झाला, कुठे सुरू झाला, तेव्हा जवान कुठल्या पोस्टिंगवर होता, किती टक्के अपंगत्व धरलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजार सेवेमुळे झाला किंवा वाढला की नाही, हे लिहिलेलं असतं. मानसिक आजाराच्या केसमध्ये बहुतेक वेळा तिथे ‘सेवेमुळे झाला नाही, सेवेमुळे वाढलाही नाही’ असा शेरा असतो. पेन्शन नाकारली जाते ती त्या एका शेऱ्यावरून. आणि आपली माणसं अपिलात काय लिहितात? ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे, दोन मुलं लहान आहेत, कापूस गेला, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा.’ अपील ऐकणारी समिती गरिबी तपासायला बसलेली नसते. बोर्डाचा शेरा बरोबर की चूक, एवढंच तिच्यासमोर असतं.

पारोळा तालुक्यातल्या एका तोफखान्याच्या जवानाची गोष्ट सांगतो. काश्मीरमध्ये फील्डला (धोक्याच्या भागात) होता, तिथून पीस स्टेशनला (शांत ठिकाणच्या छावणीत) आला आणि काही महिन्यांत बिघडला. झोप नाही, जेवण नाही, कुणीतरी मागावर आहे असं वाटायचं. लष्करी दवाखान्याच्या सायको वॉर्डात राहिला, औषधं चालू झाली, कॅटेगरी पडली (तंदुरुस्तीची श्रेणी खाली आली), शेवटी बोर्ड आउट. बोर्डाने लिहिलं की आजार पीस स्टेशनवर सुरू झाला, सेवेशी संबंध नाही, ३० टक्के. घरी आल्यावर एका एजंटाने अपील लिहून दिलं. दोन पानं होती, आणि दोन्ही पानांवर फक्त घरच्या हालअपेष्टा. पहिलं अपील फेटाळलं. एजंट फोन उचलेना. मग ती फाईल काही वर्षं पत्र्याच्या पेटीत पडून राहिली.

त्याचा मोठा भाऊ माझ्याकडे आला तेव्हा त्याला एकच काम सांगितलं : माहिती अधिकारात सगळे वैद्यकीय कागद मागवा. आले. त्यात एएफएमएसएफ-१० होता. मानसिक आजाराच्या केसमध्ये युनिटचा सीओ (कमांडिंग ऑफिसर) हा फॉर्म भरून डॉक्टरांना पाठवतो, त्यात जवान आधी कसा होता आणि बदल कधीपासून दिसला हे लिहावं लागतं. सीओ साहेबांनी स्वच्छ लिहिलं होतं की आधी हा शिस्तीचा, कामाचा जवान होता, फील्डमध्ये असतानाच गप्प राहायला लागला. शिवाय फील्डमधल्या एमआय रूमच्या (युनिटच्या छोट्या दवाखान्याच्या) नोंदी होत्या, झोप येत नाही म्हणून गोळ्या घेतल्याच्या. म्हणजे आजार पीस स्टेशनवर सुरू झालाच नव्हता. तिथे तो फक्त पकडला गेला होता. हे सगळं फौजेच्याच कागदात होतं आणि पहिल्या अपिलात त्यातलं एक अक्षर नव्हतं.

दुसरं अपीलही फेटाळलं गेलं, पण सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने ते कागद बघितले आणि अपंगत्व पेन्शन मंजूर केली, ३० टक्क्यांचे ५० धरून. थकबाकी मात्र अर्ज केल्याच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळाली. उशिरा आलेल्या पेन्शनच्या दाव्यात २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून साधारण असंच होतं. पेटीत पडलेली बाकीची वर्षं गेली ती गेली. त्या काळात त्याच्या बायकोने लोकांच्या शेतात कापूस वेचून घर चालवलं. म्हणून मला घाईत लिहिलेल्या अपिलाचा राग येतो.

आता कागद मागवायचे कसे. अर्ज जवानाच्या रेकॉर्ड ऑफिसच्या (त्याचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) माहिती अधिकाऱ्याला करायचा. तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिक रोडला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जावर सही जवानाची हवी. जवानाची बायको स्वतःच्या नावाने अर्ज करते आणि ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ म्हणून तो परत येतो, हे मी वारंवार बघतो. तो सही करण्याच्या अवस्थेत असेल तर त्यालाच समजावून सही घ्या. नसेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे आधी कागदावर आणा. ‘सर्व कागद द्यावेत’ असं मोघम लिहू नका. फॉर्म १६, फॉर्म १०, दवाखान्यातले दाखल आणि डिस्चार्जचे कागद, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, पोस्टिंगचा तपशील, अशी नावं घेऊन मागा. भरतीच्या तपासणीचा कागद विसरू नका. त्यात कुठल्याही मानसिक आजाराची नोंद नसेल तर तो तुमचा सगळ्यात मोठा आधार आहे. आणि पेन्शन न मिळालेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, तेव्हा ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणू नका.

दवाखान्यात घरच्यांनी काहीतरी बोलणं

याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सविस्तर सांगतो.

जवान सायको वॉर्डात असताना घरच्यांना बोलावतात, किंवा फोनवर विचारतात. डॉक्टर इतिहास घेत असतो : लहानपणी काही त्रास होता का, घरात कुणाला असा आजार आहे का, लग्नात काही वाद आहेत का. आपली माणसं घाबरलेली असतात, शरमलेली असतात, कधी जवानावरच चिडलेली असतात. मग चुलता म्हणतो, ‘तो लहानपनपाईन असाच शे.’ सासरा म्हणतो, बायकोशी पटत नाही म्हणून डोक्यात घेतलं. कुणीतरी सांगतं, लहानपणी निंबावरून पडला होता. बोलणाऱ्याला वाटतं आपण मदत करतोय. तिकडे कागदावर उतरतं : आजार भरतीच्या आधीपासूनचा, किंवा उपजत प्रकृतीचा, किंवा घरगुती ताणामुळे. हे शब्द एकदा बसले की पुढची प्रत्येक समिती तेच उचलून लिहिते.

मी खोटं बोलायला सांगत नाही. घरात खरंच कुणाला आजार असेल तर सांगा, उपचारासाठी ते डॉक्टरला कळायलाच हवं. पण जे माहीत नाही ते अंदाजाने बोलू नका. बारावी पास झाला, भरतीत धावला, ट्रेनिंग पूर्ण केलं, इतकी वर्षं बंदूक सांभाळली, तो माणूस लहानपणापासून बिघडलेला कसा? भरतीच्या आधी तो ठीक होता हे तुम्हाला माहीत आहे, तर तेच सांगा. दवाखान्यात बोलायला घरातला एकच माणूस ठेवा. ज्याने त्याला भरतीआधीही जवळून पाहिलंय आणि सुट्टीत येताना बदलत गेलेलाही पाहिलंय, असा. आई असेल तर उत्तम.

कायद्याचं बोट सोडणं

अपिलात कायदा थोडक्यात, पण नेमका आला पाहिजे. २ जुलै २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि नंतर वैद्यकीय कारणाने बाहेर काढलं, तर प्रकृती सेवेमुळे बिघडली असं गृहीत धरायचं. सिद्ध करण्याचं ओझं जवानावर नाही, आणि बोर्डाने उलट म्हणायचं असेल तर कारणं द्यायची. वीरपाल सिंग यांचं प्रकरण तर थेट आपल्या विषयाचं. १९७२ ला भरती, १९७७ ला स्किझोफ्रेनियाच्या शेऱ्यावर बाहेर. त्यांच्यासाठी न्यायालयाने २०१३ मध्ये, इतक्या वर्षांनी, रिव्ह्यू (फेरतपासणी) मेडिकल बोर्ड बसवायला सांगितलं. मे २०२५ मध्ये राजुमोन टी. एम. यांच्या प्रकरणात, तेही स्किझोफ्रेनियाच्या, कारणं न देणाऱ्या बोर्डाच्या मतावर पेन्शन नाकारता येत नाही हे पुन्हा ठामपणे आलं. टक्के २० पेक्षा कमी लावले असतील तर २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल बघा : वैद्यकीय कारणाने बाहेर काढलं याचाच अर्थ अपंगत्व २० टक्क्यांच्या वर होतं.

पण डोळे मिटून हे निकाल चिकटवू नका. बाहेर पडल्याची तारीख बघा. पेन्शनच्या हक्काचे १९८२ चे नियम वेगळे, १ जानेवारी २००८ पासूनचे वेगळे, आणि सप्टेंबर २०२३ पासूनचे आणखी वेगळे. मोबाईलवर आलेला दुसऱ्याच्या अपिलाचा नमुना नाव बदलून पाठवणारी पोरं मला रोज भेटतात. एकाच्या अर्जात तर आजाराच्या जागी दुसऱ्याचा गुडघा राहून गेला होता.

टक्क्यांवर भांडणं हीही अशीच घाई. ‘मला ४० चे ६० करून द्या’ म्हणत येतात. आजार सेवेशी जोडला गेल्याशिवाय टक्क्यांना काही किंमत नाही. तो जोडला गेला आणि २० किंवा त्याहून जास्त टक्के असतील, तर ५० पेक्षा कमी असलेल्याचे ५० धरले जातात, ५० ते ७५ चे ७५, त्यापुढचे १००. म्हणजे ४० असो की ३०, हातात एकच येणार. भांडायचं तर शेऱ्याशी भांडा.

सुट्टीवरून परत न पाठवणं

जवान सुट्टीवर आला, बिघडलेला दिसला, आणि घरच्यांनी ठेवून घेतला. मग भगताकडे नेला, अमावस्या बघितली, गंडा बांधला. दवाखान्यात नेलं नाही, कारण ‘लोके काय म्हनतीन?’ तिकडे युनिटमध्ये तो गैरहजर. ३० दिवसांनंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) बसते, मग भगोडा ठरतो, पोलीस दारात येतात, आणि शेवट बडतर्फीत झाला तर पेन्शनचा हक्कच उरत नाही. आजारी माणूस गुन्हेगार होऊन बाहेर पडतो.

आपल्याकडून लष्करी दवाखाना लांब नाही. चाळीसगावहून गाडीत बसवलं तर देवळालीला मिलिटरी हॉस्पिटल आहे. तेवढं नेण्यासारखी अवस्था नसेल तर धुळे किंवा जळगावच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा, केस पेपर काढा, आणि त्याच दिवशी युनिटला रजिस्टर पोस्टाने कळवा, प्रत स्वतःकडे ठेवून. फोनवर ‘साहेबांना सांगितलंय’ याला काही अर्थ नाही. साहेब बदलून जातात.

जो आधीच लाल शाईच्या (शिक्षेच्या) नोंदींवरून ‘सेवेची गरज नाही’ म्हणून काढला गेलाय, त्याची वाट अवघड आहे, बंद नाही. चार लाल नोंदी झाल्या म्हणून आपोआप काढता येत नाही, चौकशी आणि सगळ्या परिस्थितीचा विचार करावा लागतो, हे २०१५ च्या वीरेंद्र कुमार दुबे निकालात आहे. त्या नोंदींच्या तारखा आणि आजाराच्या तारखा शेजारी शेजारी लिहून काढा. बऱ्याचदा त्या एकमेकींत अडकलेल्या दिसतात.

बदनामी नको म्हणून स्वतःच घरी येणं

‘घरगुती कारण’ लिहून स्वतःच्या विनंतीवर फौज सोडून येणारे मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात. सोयरीक मोडेल म्हणून आजार लपवतात आणि रिलीजच्या तपासणीत ‘काही त्रास नाही’ सांगून सही करतात. २००६ पासून स्वेच्छेने आलेल्यालाही अपंगत्वाचा भाग मिळू शकतो, पण बोर्डात आजार नोंदलेला असेल आणि सेवेशी जोडलेला असेल तर. फिट म्हणून बाहेर पडलात तर मागे वळून दाखवायला काही नाही. त्रास असेल तर तपासणीत सांगा. लाज वाटली तरी सांगा.

बाकीच्या थोडक्यात

पहिलं आणि दुसरं अपील प्रत्येकी सहा महिन्यांच्या आत करा. न्यायाधिकरणालाही अंतिम आदेशापासून सहा महिनेच असतात. उलटले असतील तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा, आणि आजारपण हेच विलंबाचं कारण असेल तर औषधांच्या चिठ्ठ्यांसह मांडा.

मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्याही हातात देऊ नका, वकिलाच्याही नाही.

थकबाकीत वाटा मागणाऱ्या एजंटापासून लांब राहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज पुढे पाठवायला पैसे लागत नाहीत, आणि २०२५ पासून विधी सेवा प्राधिकरणाच्या वीर परिवार सहायता योजनेत फौजी कुटुंबांना मोफत कायदेशीर मदतीची सोय आहे.

बोर्डासमोर जास्त आजारी दिसावं म्हणून औषधं बंद करू नका. हा सल्ला देणारे लोक आहेत आणि त्यांच्यामुळे माणूस हातचा जातो. पेन्शन उशिरा मिळाली तर निदान थकबाकी तरी येते. रात्री-अपरात्री तो सैरभैर झाला, जिवाचं काही बोलू लागला, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात. तो नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आजच टाका. फाईलचं मग बघू.