जुन्या इमारतीत भाड्याने राहताना: बिघाड कोणाचा, हे आधी शोधा

माझं भाड्याने राहणं कायम जुन्या इमारतींतच झालं आहे. खोल्या ऐसपैस, भिंती जाड, दुपारीही घर थंड, आणि भाडं नव्या इमारतीपेक्षा कमी. त्याबरोबर ओल येते, गळती येते, आणि ‘बघतो, माणूस पाठवतो’ म्हणणारे घरमालकही येतात. अशा घरात भांडण होतं ते बहुतेक वेळा दुरुस्तीच्या खर्चावरून नाही, बिघाड कोणाचा यावरून. घरमालक म्हणतात वरच्यांचा, वरचे म्हणतात इमारतीचा, इमारतीची कमिटी म्हणते तुमच्याच घरातला. या तिघांत भाडेकरूचा आवाज सगळ्यात बारीक. म्हणून तक्रार करण्याआधी बिघाडाचा उगम आपणच शोधून ठेवायचा. त्याला पेन्सिल, चिकटपट्टी, टॉर्च आणि खाण्याचा रंग एवढं सामान पुरतं.

घर बघायला जाल तेव्हा सकाळच्या गर्दीच्या वेळी जा. सगळी इमारत आंघोळी-धुण्यात असते, तेव्हाच पाण्याचं खरं रूप दिसतं. आधी स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडा, मग तो चालू ठेवून बाथरूमचाही सोडा. पहिल्याची धार एकदम मरगळली तर पाइप आतून गंजून अरुंद झालाय असं समजा. जुने जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप बाहेरून धडधाकट दिसतात, पण आत गंजाचे थर साचत साचत भोक निम्म्यावर येतं. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. त्यात तांबडी रवाळ कचकच सापडली तर शंकाच नको. सकाळी पहिलं पाणी तांबूस येऊन मग स्वच्छ होत असेल तर दोष पाइपांचा. फक्त गरम पाणीच तांबूस असेल तर हीटरच्या टाकीचा.

वरच्या मजल्यावरचं घर घेणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. 10 मीटर उंच पाण्याचा दाब साधारण 1 बार असतो, म्हणजे एका मजल्यामागे जेमतेम 0.3 बार. टाकी गच्चीवर आणि आपण लगेच खाली, तर शॉवर रिमझिमच पडणार. पाणी वाहताना तापवणारे काही हीटर तर एवढ्या दाबाला पेटतच नाहीत. यात घरमालकाचा दोष नाही, उंचीचा आहे. पण प्रेशर पंप कोण बसवणार, हे करार करण्याआधी विचारायला हरकत नसते.

एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तिच्याजवळ जाऊन नाक लावा. संकोच करू नका. ओलीचा वास रंगाखाली दबत नाही. सिंकखालचं कपाट उघडा, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांत टॉर्च मारा. भिंतीवर पांढरी, मिठासारखी भुकटी म्हणजे लोणा. पाणी भिंतीतून बाहेर येताना आतले क्षार घेऊन येतं, ते वाळून ही भुकटी उरते. ओल आजची असेल किंवा जुनी, पाणी त्या वाटेने आलं होतं एवढं नक्की.

आता गळती. जुन्या इमारतीतला निम्मा मनस्ताप हाच, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

छतावर डाग दिसला की पहिल्याच दिवशी त्याच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. डाग वाढला की नवी रेघ, नवी तारीख. प्रत्येक वेळी फोटो. काही आठवड्यांत नकाशा तयार होतो आणि तो बरंच बोलतो. डाग फक्त पावसात वाढत असेल तर पाणी गच्चीतून, बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून किंवा खिडकीच्या चौकटीवरून येतंय. हे काम इमारतीचं. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो, डाग सारखाच ओला राहत असेल तर नळाला पाणी नेणारा पाइप गळतोय, कारण त्यात पाणी कायम भरलेलं असतं. आणि डाग सकाळी ओला, संध्याकाळी सुकलेला असं चालू असेल तर वरच्यांच्या सांडपाण्याकडे बघा: फरशीचे सांधे, नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखाली पाणी साचून राहतं त्या भागाचा) जोड, कमोडचा जोड.

आमच्या बाथरूमच्या छतावर दाराच्या बाजूला असाच सकाळी ओला होणारा डाग होता. वरच्या काकूंकडे गेले तर त्यांनी दारातच सांगितलं, ‘अगं, आमची फरशी कोरडी ठणठणीत आहे, वर्षभरापूर्वीच नवीन बसवली.’ भांडत बसण्यापेक्षा मी म्हटलं, ‘काकू, आपण दोघी मिळून बघू.’ सुट्टीच्या दिवशी त्यांनी बाथरूम कोरडं ठेवलं. दुपारपर्यंत आमचा डाग सुकत आला. मग त्यांच्या नहाणी ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवला आणि फरशीवर बोटभर पाणी साठवून त्यात लाल रंग कालवला. काही तास थांबलो. खाली काहीच नाही. काकू विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होत्या. बोळा काढला, पाणी ट्रॅपमधून गेलं, आणि थोड्याच वेळात आमच्या छतावर गुलाबी थेंब लोंबायला लागला. म्हणजे फरशी खरोखरच ठीक होती, ट्रॅप आणि पाइपचा जोड सुटला होता. फरशी न फोडता, आमच्या बाजूने स्लॅबखालून काम झालं. काकूंना फरशी वाचल्याचा इतका आनंद झाला की प्लंबरला चहा त्यांनीच दिला. या कसोटीचा क्रम मात्र पाळा: आधी कोरडं, मग बोळा लावून साठवलेलं पाणी, मग सोडलेलं पाणी. सगळं एकदम केलं तर गळतंय एवढंच कळतं, कुठून ते कळत नाही.

कमोडची टाकी आतल्या आत गळते का, हेही रंगानेच कळतं. टाकीत रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यातलं पाणी रंगीत झालं तर तळाचं रबर गेलंय. घराला वेगळा पाण्याचा मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पाणी वापरायच्या आधी पुन्हा बघा. आकडा हलला तर गळती मीटरच्या पुढे, म्हणजे तुमच्या बाजूला आहे.

भिंतीवरची प्रत्येक ओल गळतीची नसते, आणि इथे घरमालकांचं म्हणणं कधीकधी खरं असतं. बंद खोलीत कपडे वाळवले, स्वयंपाकाची वाफ बाहेर गेली नाही, तर ती थंड भिंतीवर जाऊन बसते. फरक ओळखायला वीतभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि एक दिवस सोडा. थेंब खोलीच्या बाजूने आले तर ती आपलीच वाफ. कागदाच्या मागे, भिंतीच्या बाजूने आले तर पाणी भिंतीतून येतंय. वाफ असेल तर खिडक्या उघडा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला फारसं जमत नाही. नुसतं पुसून वर रंग मारणं म्हणजे बुरशीला पांघरूण घालणं.

घाण वास येत असेल तर प्लंबर बोलावण्याआधी कमी वापरातल्या नहाणीत तांब्याभर पाणी ओता. ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी साचून राहतं आणि तेच गटाराचा वायू अडवतं. ते सुकलं की वास मोकळा. लांब गावाला जाताना वर चमचाभर तेल सोडलं तर पाणी सावकाश उडतं. वरच्यांनी फ्लश केल्यावर तुमच्या नहाणीतून गुडगुड आवाज येतो का? मग गच्चीवर जाऊन हवेच्या पाइपाचं तोंड बघायला सांगा. त्यावर घरटं असतं, नाहीतर कुणीतरी ‘वास येतो’ म्हणून फडकं कोंबलेलं असतं. हवा मिळत नाही म्हणून खाली जाणारं पाणी तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. हा बिघाड सामायिक आहे, त्याचा खर्च एकट्याने उचलू नका.

भेगांना बहुतेक लोक नको तेव्हा घाबरतात आणि हवं तेव्हा घाबरत नाहीत. जाळ्यासारख्या बारीक भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात. बीमच्या किंवा खांबाच्या लांबीने सरळ धावणारी भेग वेगळी. सिमेंट काँक्रीट अल्कधर्मी असतं म्हणून आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरला की ते संरक्षण जातं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि वरचं काँक्रीट फोडून काढतो. छताला झाडूच्या दांड्याने हलकेच टकटक करा, पण बाजूला उभं राहून. टणक आवाज आला तर ठीक, बद्द पोकळ आला तर तिथला थर सुटलाय. त्याखालून पलंग आजच हलवा. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी खूण आणि तारीख टाका. खुणेपुढे गेली, 5 मिलिमीटरहून रुंद झाली, किंवा दारं-खिडक्या अचानक अडकायला लागल्या, तर रंगारी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. गंजलेली सळई न घासता वर सिमेंट थापणारे पुष्कळ भेटतात. तो थापा पुन्हा निघतो, आणि निघतो तेव्हा खाली पडतो.

विजेच्या बाबतीत मी कोणाचीही भीड ठेवत नाही. जुनं वायरिंग झालं तेव्हा घरात दिवे, पंखे आणि रेडिओ असायचा. आज त्याच तारांवर हीटर लावतो. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर घेतो. 6 अँपिअरच्या सॉकेटला तो लावला तर सॉकेट तापणारच. शॉक लागल्यास वीज तोडणारा आरसीसीबी मीटरपाशी आहे का बघा. घरासाठी तो 30 मिलिअँपिअरचा असावा, आणि त्यावरचं चाचणीचं बटण दाबल्यावर लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर तो शोभेचा. फ्यूजमध्ये जाड तार बांधलेली दिसली, बोर्ड हाताला गरम लागला किंवा जळका वास आला, तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो सर्किट बंद. तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं धरून चालू नका, तपासून घ्या.

थोडक्यात आणखी काही. जुन्या इमारतीत शिशाचे पाइप असतील तर रात्रभर साचलेलं पाणी पिऊ नका, आधी थोडं वाहू द्या. उकळून शिसं जात नाही. जुना रंग कोरडा घासू नका. डक्टमधल्या करड्या सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यांना ड्रिल लावू नका. लिफ्ट मजल्याच्या वर-खाली थांबत असेल तर लिहून कळवा, कारण पायरी चुकून पडणारे वयस्कच असतात. दोर तुटून लिफ्ट खाली आपटेल ही भीती मात्र सोडा. तसं झालं तर रुळांना पकडणारी यंत्रणा अमेरिकी संशोधक एलिशा ओटिसने 1854 मध्ये न्यू यॉर्कला लोकांसमोर स्वतः उभं राहून दाखवली होती. मध्येच अडकलात तर दार जबरदस्तीने उघडू नका.

आणि तक्रार. ‘बाथरूम गळतंय, काहीतरी करा’ याला उत्तर ‘बघतो’ हेच येणार. मी असं लिहिते: ‘बाथरूमच्या छतावर दाराच्या उजव्या कोपऱ्यात डाग आहे. 3 तारखेला वीतभर होता, आज दोन वीत आहे, फोटो सोबत. पाऊस नसतानाही वाढतो. वरच्यांनी दिवसभर पाणी वापरलं नाही तेव्हा सुकला. शनिवारी सकाळी प्लंबर आला तर वरच्या काकूही घरी आहेत.’ यात राग नाही, आरोप नाही, आणि टाळायला जागाही नाही. फोनवर बोलणं झालं तरी नंतर दोन ओळी मेसेज करा: ‘आत्ता ठरल्याप्रमाणे…’ एका घरमालकांनी डिपॉझिटमधून भिंतीच्या ओलीचे पैसे कापायला घेतले होते. घर घेतलं त्या दिवशीचा त्याच भिंतीचा फोटो त्यांना पाठवला, आणि पुढच्या मेसेजमध्ये फक्त बँक खात्याचा नंबर विचारला गेला.

म्हणून किल्ली हातात आली की सामान आत आणण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढा: प्रत्येक भिंत, छत, नळ, मीटरचे आकडे. असलेल्या दोषांची यादी दोघांच्या सहीने कराराला जोडा, आणि वॉशर-बल्ब कोण बदलणार, पाइप-वायरिंग कोण, हे त्यातच लिहून घ्या. मुख्य कॉक कुठे आहे ते विचारा आणि तिथल्या तिथे फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम झालेला असतो, जोर लावला तर तुटतो. जाम असेल तर तो बदलून घेणं ही घरमालकांकडची पहिली मागणी ठेवा, रंगाची दुसरी.