पाळीचा लाल रंग टिपताना
माझ्या पहिल्या फोटोत पाळीचं रक्त चक्क चॉकलेटी आलं. हवा लागली की ते काळपटतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. आता आधी ट्रायपॉड लावते, फोकस हातानं ठरवते, मगच मेन्स्ट्रुअल कप (पाळीचं रक्त साठवणारा छोटा कप) रिकामा करते. उंच काचेच्या ग्लासात पाणी, मागे पांढरा कागद, त्याच्याही मागून उजेड. शटर स्पीड १/२५० सेकंद. रक्ताचा थेंब पाण्यात उतरताना त्याचे धागे सुटतात. तेवढे दोन-तीन सेकंदच आपले. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी कॅमेऱ्याची सेटिंग) ऑटोवर नको, लाल मरतो.

अंगाचे फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात काढा. पोटावरचे स्ट्रेच मार्क्स त्यात छान उठतात, आणि एडिटिंगमध्ये ते पुसायचे नाहीत हं! समोर मैत्रीण असेल तर कुठले फोटो ठेवायचे, कुठले डिलीट, हे तीच सांगेल.