मायलेज घसरलं? आधी तापमानाचा काटा बघा, या चुका टाळा

थंडी पडली की गाडी जास्त पिते, हे खरंच आहे. बाहेर उणे ७ अंश असताना शहरात चालणाऱ्या पेट्रोल गाडीचं मायलेज २५ अंशांच्या तुलनेत साधारण १५ टक्क्यांनी कमी भरतं. इतकी थंडी नसतानाही मोठी घट दिसली, तर मात्र दोष हवेचा नाही.

सगळ्यात महागात पडते ती थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे जाण्यापासून अडवणारी झडप, काढून टाकण्याची चूक. इंजिन तापतं म्हणून उन्हाळ्यात तो काढला जातो. खरं कारण असतं कचऱ्याने बुजलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा किंवा कमी झालेला कूलंट. थर्मोस्टॅटशिवाय कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतो. इंजिनाला ८५-९५ अंश गाठायला फार वेळ लागतो, थंडीत तर ते तिथवर पोचतही नाही. तोवर ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) जादा इंधन सोडत राहतो, ऑइल दाट राहून घर्षणही वाढतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी हेच होतं. तपासायला थंड इंजिन सुरू करा आणि पंख्यापासून हात जपून रेडिएटरचा वरचा होज चाचपा. बहुतेक गाड्यांत तो बराच वेळ गार राहून मग झपकन तापायला हवा. सुरुवातीपासूनच कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट बदला. गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नसल्याचा) कोड आला, तरी संशय आधी त्याच्यावरच घ्या.

सकाळी दहा मिनिटं गाडी उभ्यानेच गरम करू नका. अर्धा मिनिट पुरे, मग हलक्या पायाने निघा. चालताना इंजिन लवकर तापतं. कार्बोरेटरच्या बाईकचा चोक (थंड इंजिन सुरू करताना पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढलेलाच राहिला, तर प्लग काळा पडतो.

टायरची हवा गाडी किमान तीन तास उभी असतानाच मोजा. तापमान १० अंशांनी उतरलं की सुमारे २ पीएसआय कमी होतात. उलट, धावून तापलेल्या टायरमधला वाढीव दाब 'जास्त झालाय' म्हणून सोडून दिला, की थंड झाल्यावर टायर मऊ पडतो आणि इंधन खातो.

पहाटे पेट्रोल भरून फायदा शोधणं व्यर्थ. १० अंशांना पेट्रोल जेमतेम १ टक्का फुगतं, आणि पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलतच नाही.

उन्हात तापलेल्या गाडीत बसताच एसी पूर्ण सोडू नका. आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावून रीसर्क्युलेशन (आतलीच हवा पुन्हा फिरवण्याचं बटण) चालू करा. कॉम्प्रेसरवरचा भार कमी होतो.