यॅग की आर्गॉन? काचबिंदूच्या लेझरआधी या चुका टाळा

सांगलीत डोळ्यांच्या ओपीडीत मी रोज पेशंट तपासते. मागं तासगावच्या एक काकू दोन ठिकाणचे कागद घेऊन आल्या. एकावर नुसतं यॅग लेझर, दुसऱ्यावर आधी आर्गॉन लेझर, मग यॅग. “दुसरे डॉक्टर उगाच खर्च वाढवतायत,” मुलगा म्हणाला. पहिली चूक इथंच होते.

डोळ्यातला कोन, म्हणजे पाणी निचरून जायची जागा, अरुंद असला की बाहुलीभोवतीच्या तपकिरी पडद्यामागं पाणी अडतं. त्याला वाट म्हणून पडद्याच्या कडेला बारीक भोक पाडतात. आर्गॉनचा निळा-हिरवा किरण पडद्यातल्या रंगात शोषला जातो, त्यामुळं ती जागा तापून भाजते आणि बारीक रक्तवाहिन्याही बंद होतात. पण नुसत्या आर्गॉननं भोक पाडायला बरेच शॉट लागतात आणि ते पुढं बुजण्याची शक्यता जास्त. यॅगचा १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला दिसत नाही, तो बारीकसा स्फोट करून पडदा फाडतो. त्याला रंग लागत नाही, भोकही चांगलं टिकतं. मात्र तो भाजत नसल्यानं थोडं रक्त येऊ शकतं. आपल्याकडचे पडदे गडद नि जाड, जवळून पाहिलं तर मखमलीसारखे. म्हणून काही डॉक्टर आधी आर्गॉननं जागा पातळ करतात आणि शेवटचा घाव यॅगनं घालतात. आर्गॉनऐवजी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर असला तरी काम तेच. पडदा पातळ असेल तर नुसतं यॅगही पुरतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. मनानं बंद मात्र करू नका.

शेजारीण म्हणते, “माझंपण यॅग झालंय, दुसऱ्या दिवसापासून लख्ख दिसायला लागलं!” तिचं मोतीबिंदूनंतर मागं आलेली जाळी काढण्याचं होतं. मशीन तेच, काम वेगळं. तुमच्या भोकानं नजर वाढणार नाही, चष्म्याचा नंबरही जाणार नाही.

आणि जतची एसटी चुकेल म्हणून लगेच उठू नका, हे मी हात जोडून सांगते. लेझरनंतर पहिल्या काही तासांत डोळ्याचं प्रेशर चढू शकतं. तासाभरानं ते मोजून घ्या, थेंब समजून घ्या, मगच निघा. घरी गेल्यावर डोळा ठणकला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली किंवा उलटी झाली, तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.