लोड बॅलन्सर ‘पब्लिक’ करायचाय? आधी रूट टेबल उघडा

डेव्हऑप्समध्ये नव्याने आलेल्या माणसाला सुरुवातीलाच मिळणारं एक ठरलेलं काम: “टेराफॉर्मने एएलबी उभा कर, बाहेरून उघडायला हवा.” टेराफॉर्म म्हणजे क्लाउडमधली यंत्रणा कोड लिहून उभारायचं साधन, आणि एएलबी म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडमधला (एडब्ल्यूएस) ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर, येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटून देणारा. एडब्ल्यूएसच्या लोड बॅलन्सर रिसोर्समध्ये ‘इंटर्नल’ ही सेटिंग ‘फॉल्स’ ठेवली की झालं, असं वाटतं. अप्लाय (कोड प्रत्यक्ष लागू करणारी आज्ञा) बिनबोभाट पार पडतं, डीएनएस नाव (एएलबीचा वेबपत्ता) मिळतं, ते ब्राउझरमध्ये टाकलं की पान नुसतं फिरत राहतं. “सर, कोड तर बरोबर आहे” म्हणत ज्युनिअर मंडळी माझ्याकडे येतात ती याच टप्प्यावर. आणि त्या ओळीपुरता कोड खरंच बरोबर असतो. फक्त स्कीम (एएलबी इंटर्नल की पब्लिक), सबनेटचा (नेटवर्कच्या छोट्या भागाचा) रूट आणि सिक्युरिटी ग्रुप (कोणती वाहतूक आत-बाहेर सोडायची याचे नियम) या तिघांचं जमल्याशिवाय बाहेरचं कुणी आत येत नाही, आणि ते जमलंय का हे टेराफॉर्म तपासत नाही.

सर्वांत आधी मिळालेलं नाव नीट वाचा. त्याची सुरुवात ‘इंटर्नल-’ने होत असेल तर पुढचं काही बघूच नका. ते नाव घरूनही रिझॉल्व्ह होतं (म्हणजे त्याचा आयपी पत्ता मिळतो), पण हाती लागतो खाजगी आयपी, जो फक्त आतल्या नेटवर्कवर चालतो. ऑफिसच्या व्हीपीएनवर साइट उघडते आणि घरी नाही, यामागे बऱ्याचदा हेच असतं.

नाव ठीक असेल तर सबनेटकडे वळा. कुणी ‘पब्लिक-ए’ असा टॅग लावलाय म्हणून विश्वास ठेवू नका. रूट टेबल (कुठली वाहतूक कुठे पाठवायची याची यादी) उघडा आणि ०.०.०.०/०, म्हणजे बाहेरच्या सगळ्या पत्त्यांची वाहतूक, इंटरनेट गेटवेकडे जातेय का ते बघा. नॅट गेटवेकडे (फक्त आतून बाहेर जाऊ देणारी वाट) जात असेल तर ते सबनेट प्रायव्हेट, टॅग काहीही म्हणो. अख्ख्या व्हीपीसीला (एडब्ल्यूएसमधलं तुमचं खाजगी नेटवर्क) इंटरनेट गेटवेच नसेल तर एडब्ल्यूएस लोड बॅलन्सर बनवायलाच नकार देतं, ते एक बरं. पण गेटवे आहे आणि फक्त तुमच्या सबनेटचा रूट चुकलाय, तर सगळं गुपचूप तयार होतं.

यातला सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे अर्धवट पब्लिक. एएलबीला वेगवेगळ्या झोनमधली (एकाच रीजनमधल्या स्वतंत्र डेटा सेंटर गटांमधली) किमान दोन सबनेट लागतात. समजा मुंबई रीजनमधला ए आणि बी झोन घेतला. एक सबनेट पब्लिक, दुसरं नजरचुकीने प्रायव्हेट. डीएनएस दोन्हीकडचे आयपी देतं, त्यामुळे साइट कधी पटकन उघडते, कधी लटकते. तुमच्याकडे चालते, टेस्टरकडे नाही. मग आधी ॲपवर संशय, मग नेटवर्क टीमवर. डिग (नावाचे आयपी दाखवणारी आज्ञा) मारा, आलेले आयपी एकेक करून कर्लने (पत्त्यावर विनंती पाठवणाऱ्या आज्ञेने) तपासा. एक उत्तर देईल, दुसरा टाइमआउट होईल, वाद तिथेच मिटेल.

सिक्युरिटी ग्रुपमध्ये ४४३ (एचटीटीपीएस) आणि रीडायरेक्टपुरता ८० (एचटीटीपी) हे पोर्ट जगाला उघडा ठेवायला हरकत नाही. इथे एक खास टेराफॉर्मची गोम आहे. कन्सोलवरून (एडब्ल्यूएसच्या वेबपानावरून) ग्रुप बनवला की बाहेर जाणारी सगळी वाट आपोआप मोकळी मिळते. टेराफॉर्म मात्र तो नियम काढून टाकतं. इग्रेस (बाहेर जाण्याचा नियम) स्वतः लिहिला नाही तर लोक लोड बॅलन्सरपर्यंत पोहोचतात, पण लोड बॅलन्सर सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. हेल्थ चेक (सर्व्हर जिवंत आहे का याची चाचणी) टाइमआउट दाखवतो आणि ब्राउझरमध्ये ५०४ (सर्व्हरकडून वेळेत उत्तर नाही) येतो.

५०४ किंवा ५०३ दिसला तर मी म्हणेन, हायसं वाटू द्या. उत्तर एएलबीने दिलंय, म्हणजे बाहेरची वाट चालू आहे. ५०३ला (सेवा उपलब्ध नाही) टार्गेट ग्रुपमध्ये (विनंत्या ज्यांच्याकडे जातात त्या सर्व्हरांची यादी) कुणी रजिस्टर झालंय का बघा. टार्गेट अनहेल्दी असेल तर हेल्थ चेकचा पाथही तपासा: मुळात ‘/’वर २०० (सगळं ठीक) अपेक्षित असतो आणि लॉगिनकडे पाठवणारं ॲप तिथे ३०२ (दुसऱ्या पानाकडे जा) देतं. यावर उपाय म्हणून सर्व्हरलाच पब्लिक आयपी देणारे असतात. तसं करू नका. सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमध्येच राहू द्या, फक्त त्यांच्या ग्रुपमध्ये लोड बॅलन्सरच्या ग्रुपला परवानगी द्या.

चालू असलेला इंटर्नल एएलबी पब्लिक करायला सांगितलं तर टेराफॉर्मचा प्लॅन (काय काय बदलणार याची यादी) शेवटपर्यंत वाचा. स्कीम नंतर बदलता येत नाही. टेराफॉर्म जुना पाडून नवा बांधतं आणि डीएनएस नावही बदलतं. कुणी जुन्या नावावर हाताने सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी डीएनएस नोंद) लावला असेल तर तो तुटलाच. प्रॉडक्शनमध्ये मी शेजारी दुसरा एएलबी उभा करतो, डीएनएस वळवतो आणि मग जुना काढतो. एक टार्गेट ग्रुप एकाच लोड बॅलन्सरला जोडता येतो, त्यामुळे नव्यासाठी नवा ग्रुप लागतो, हे आधीच धरून चला.

स्वतःच्या खात्यावर सराव करत असाल तर काम झाल्यावर डिस्ट्रॉय (उभारलेलं सगळं काढून टाकणारी आज्ञा) चालवा. १ फेब्रुवारी २०२४पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला ०.००५ डॉलर लावतं. दोन झोनमधल्या एएलबीकडे असे किमान दोन पत्ते असतात, आणि एएलबीचं स्वतःचं भाडं वेगळंच. एएलबीचं डिलीशन प्रोटेक्शन (चुकून डिलीट होऊ न देणारी सेटिंग) चालू असेल तर डिस्ट्रॉय अडतं. आधी ते बंद करून एकदा अप्लाय करावं लागतं.